तपासणी सेन्सरचा हिरवा दिवा लागला म्हणजे जोड पक्का?

गैरसमज : लेसर अचूक असतो, त्यावर पहारा कशाला?

लेसर अचूक असतो, पत्रे नसतात. जस्ताचा मुलामा असलेले पोलादी पत्रे एकमेकांवर ठेवून लेसर वेल्डिंगनं जोडताना हे कळतं. पोलाद वितळतं साधारण १५०० अंश सेल्सिअसला. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. दोन पत्र्यांत कोंडलेली ही वाफ वितळलेल्या धातूतून उसळते आणि जोडात भोकं ठेवून जाते. म्हणून मध्ये ०.१ ते ०.२ मिलिमीटर फट मुद्दाम ठेवतात. ती वाढली, तर खालचा पत्रा नीट धरलाच जात नाही. वरून मात्र सगळं देखणं!

गैरसमज : सेन्सर जोडाच्या आत बघतो.

या सेन्सरमधल्या फोटोडायोडला कळतो फक्त उजेड : वाफेचा, परावर्तित लेसरचा आणि तापलेल्या धातूच्या अवरक्त किरणांचा. सेकंदाला हजारो नोंदी घेऊन तो आलेख काढतो आणि चांगल्या जोडांच्या आलेखाशी ताडून बघतो. फरक पडला, एवढंच त्यातून समजतं. फट वाढली की लेसरपुढची संरक्षक काच मळली, हे माणसानंच शोधायचं. वेल्डिंग चालू असताना जोड किती खोल गेला हे मोजायचं तर ‘ओसीटी’ लागतं. डोळ्यांचे डॉक्टर दृष्टिपटल तपासतात तेच तंत्र.

गैरसमज : आलेख सरळ, म्हणजे ताकद पुरेशी.

उच्च-शक्ती पोलादाच्या बाबतीत हा समज सर्वांत महागात पडणारा. अशा अनेक पोलादांची ताकद बहुतांशी मार्टेन्साइट या कठीण रचनेतून येते. वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडालगतचं मार्टेन्साइट मऊ पडतं. अशा वेळी जोड शाबूत राहतो आणि तुकडा शेजारच्या मऊ पट्टीत तुटतो. ही पट्टी किती रुंद होते ते उष्णतेवर ठरतं. वेग वाढवला की ती अरुंद होते. फोटोडायोडला तिचा पत्ताही नसतो.

गाडीच्या दारांमधल्या खांबासाठी वापरतात ते २२एमएनबी५ पोलाद आणखी अवघड. तापवून, साच्यात दाबून थंड केल्यावर त्याची ताकद सुमारे १५०० मेगापास्कल होते. पण दाबण्याआधीच पत्रे जोडले, तर ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मुलाम्यातलं ॲल्युमिनियम जोडात मिसळतं आणि तिथे मऊ फेराइट उरतं. म्हणून कडेचा मुलामा आधीच लेसरनं काढतात. माझ्या मते इथे वेल्डिंगनंतरच्या तपासणीपेक्षा आधी कड साफ झाली का, हे पाहणारा कॅमेरा जास्त मोलाचा.

गैरसमज : कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता जोड कापून बघायला नको.

ती शिकते कशावरून? कापून, घासून, नायटल हे आम्लद्रावण लावून, कठीणपणा मोजून ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ ठरवलेल्या जोडांवरूनच. शिवाय कारखान्यात वाईट जोड मुळात कमी, त्यामुळे ते मुद्दाम बिघडवून तयार करावे लागतात. पत्र्याची जाडी किंवा मुलामा बदलला की शिकवणी बऱ्याचदा नव्यानं.

तेव्हा अशी यंत्रणा घेताना विक्रेत्याला विचारा : ती कोणत्या पोलादावर शिकवली, आणि त्यातले किती जोड कापून पाहिले?