नजरेचं मोजमाप

सोशल स्किल्सचे वर्ग संपले की पालकांना एक प्रश्नावली देतात. ‘मूल आपणहून बोलायला जातं का?’ ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत कुठेतरी खूण करायची. माझ्या स्वमग्न मुलासाठी मीही ती भरली आहे. दर आठवड्याला नेणारे-आणणारे आपणच, त्यामुळे पेन थोडं आशेकडे झुकतंच. मग मूल खरंच बदललं, की आपली नजर बदलली?

म्हणून काही संशोधक प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर ‘आय ट्रॅकिंग’ करतात. मूल पडद्यावर माणसांची चित्रफीत बघतं. न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यांवर पडतो, कॅमेरा बुबुळावरची त्याची चमक टिपतो आणि नजर कुठे, किती वेळ टेकली हे संगणक मोजतो. मुलाला काही सांगावं लागत नाही. जेमतेम बोलणाऱ्या मुलांसाठी ही मोठीच सोय.

पण आकड्याचा अर्थ लावताना जपावं लागतं. २००२ साली येल विद्यापीठात अमी क्लिन, वॉरन जोन्स आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न तरुणांना ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’ या चित्रपटातले प्रसंग दाखवले. त्यांची नजर पात्रांच्या डोळ्यांकडे इतरांपेक्षा खूप कमी गेली. त्यांच्यातले जे वस्तूंकडे जास्त बघत होते, त्यांना समाजात वावरणं अधिक जड जात होतं. जे ओठांकडे बघत होते, त्यांचं मात्र बरं चाललं होतं. डोळ्यांकडे किती बघितलं, यावरून तसा अंदाज बांधता आला नाही.

आपल्याकडे तर ‘वर बघून बोल’ आणि ‘मोठ्यांच्या नजरेला नजर देऊ नकोस’ ही दोन्ही वाक्यं एकाच घरात ऐकू येतात! शिवाय डोळ्यांत बघणं त्रासाचं होतं, असं कितीतरी स्वमग्न माणसं स्वतःच सांगतात. यंत्रावरचा आकडा वाढावा म्हणून मुलाला तेच घोटून घेतलं, तर आकडा वाढेल. मैत्री वाढेलच असं नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सुरू झालेल्या ‘पीअर्स’ या प्रशिक्षणात आणखी एक साधी गोष्ट मोजतात: मित्रांबरोबर भेटीगाठी किती झाल्या? मला हा प्रश्न आवडतो. तेव्हा या दिवाळीत भारतातून व्हिडिओ कॉल आला आणि आमचा मुलगा बाजूला बघत बोलला, तर आजी-आजोबांनो, त्याला बोलू द्या. तो ऐकतोय.