हायड्रॉलिक गळती : जखम सूक्ष्म, धोका गंभीर

ट्रॅक्टरची लिफ्ट, पलटी नांगर किंवा हायड्रॉलिक ट्रॉली यांची दुरुस्ती करताना तेल कोठून गळते हे पाहण्यासाठी नळीवरून हात फिरवला जातो. ही सवय बोट वा हात गमावण्यास कारणीभूत ठरू शकते.

या यंत्रणेतील तेलाचा दाब साधारणतः १५० ते २०० बार, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या ६० पटींहून अधिक असतो. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून सुटणारी धार अनेकदा डोळ्यांना दिसत नाही; मात्र ती हातमोजा व त्वचा भेदून तेल आत शिरवते. जखम टाचणी टोचल्यासारखी भासते, प्रारंभी वेदनाही अल्प असते. त्यामुळे हळद लावून काम सुरूच राहते. तोवर तेल आत पसरते, सुजेमुळे रक्तपुरवठा खुंटतो आणि पेशी मृत होऊ लागतात.

अशा व्यक्तीस विनाविलंब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि दाबाखालील तेल शरीरात शिरल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. काही तासांचा विलंबही अवयव कापण्याची वेळ आणू शकतो.

इंजिन थांबले तरी नळीत दाब उरतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून नियंत्रण दांडे पुढे-मागे हलवावेत व दाब उतरवावा. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम आधार दिल्याविना जाऊ नये. गळती शोधताना चष्मा घालून, हात दूर ठेवून पुठ्ठ्याचा वा लाकडाचा तुकडा नळीजवळ धरावा.