कूपर, सर धनजीशा बोमनजी

(१८७८–१९४७). सातारा येथील एक कारखानदार, जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्ष व मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान. साधारण परिस्थितीतील पारशी कुटुंबात जन्मलेल्या कूपर यांनी सातारा हेच आपल्या उद्योगाचे व सार्वजनिक कार्याचे क्षेत्र मानले. ‘खानबहादूर’ व पुढे ‘सर’ हे किताब त्यांना सरकारकडून मिळाले. जिल्ह्याच्या ठिकाणचा कारखानदार स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आधारे प्रांतिक सत्तेपर्यंत कसा पोहोचू शकत होता आणि त्या सत्तेला कोणत्या मर्यादा होत्या, हे त्यांच्या चरित्रातून स्पष्ट होते.

पहिल्या महायुद्धापूर्वी दक्षिण महाराष्ट्रात लोखंडी नांगराचा प्रसार सुरू झाला होता. लाकडी नांगर जमीन चिरतो. लोखंडी नांगर मातीचे तास उलथून टाकतो. त्यामुळे हरळी व कुंदा यांसारख्या खोल मुळांच्या तणांचा बंदोबस्त होतो व काळ्या जमिनीची मशागत चांगली होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील किर्लोस्करवाडी येथे १९१० पासून अशा नांगरांचे उत्पादन वाढविले होते. त्याच पुणे–मिरज लोहमार्गावर सातारा रोड (पाडळी) स्थानकाजवळ कूपर यांचा कारखाना उभा राहिला. १९२२ च्या सुमारास नांगर बनविण्यापासून त्याची सुरुवात झाली. ओतकामासाठी लागणारे बीड व कोळसा आणणे आणि तयार माल पाठविणे लोहमार्गामुळे सोयीचे होते. विहिरीवर बैलांच्या मोटेऐवजी पंप बसविण्याकडे बागाईतदार वळू लागल्यावर तेलावर चालणाऱ्या एंजिनांना मागणी आली. भारतात डीझेल एंजिने तयार करणाऱ्या अगदी पहिल्या कारखान्यांत कूपर यांच्या कारखान्याची गणना होते. १९४० च्या सुमारास हा कारखाना वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहात गेला. एंजिने व त्यांचे सुटे भाग बनविण्याचा कूपर घराण्याचा उद्योग मात्र साताऱ्यात पुढेही चालू राहिला.

या कारखान्याच्या प्रारंभाशी कर्मवीर भाऊराव पाटील यांचा निकटचा संबंध होता. किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडल्यामुळे त्यांना शेतकऱ्यांची गरज व कुवत ठाऊक होती. कारखान्याच्या नफ्यातील काही भाग बहुजन समाजाच्या शिक्षणासाठी मिळावा, या अपेक्षेने ते कूपर यांना येऊन मिळाले. परंतु ती पूर्ण न झाल्याने दोघांचे बिनसले, असे भाऊरावांच्या चरित्रांतून नमूद केलेले आढळते. १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या कार्याला भाऊरावांनी पुढे सर्वस्वी वाहून घेतले व १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. कारखान्याच्या नफ्यावर अवलंबून न राहता लोकांच्या वर्गणीवर व विद्यार्थ्यांच्या श्रमावर संस्था उभारण्याचा मार्ग त्यांना स्वीकारावा लागला.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर (१९१९) स्थानिक स्वराज्य हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्यांनी लोकल बोर्डांची घटना अधिक लोकाभिमुख झाली आणि प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपविण्यात आला. रस्ते, दवाखाने, विहिरी व शाळा ही कामे हाती असल्याने बोर्डाच्या अध्यक्षाचा संबंध थेट खेड्यांशी येई. शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या, तसेच बांधकामाचे मक्ते यांमुळे या पदाला राजकीय वजनही प्राप्त झाले. कूपर हे ब्राह्मणेतर पक्षाच्या पाठिंब्यावर बोर्डाचे अध्यक्ष झाले व मुंबई विधिमंडळातही गेले. सत्यशोधक चळवळीने जागृत झालेल्या जिल्ह्यात त्यांच्यासारख्या पारशी उद्योगपतीला शेतकरीवर्गाचे पाठबळ मिळाले, हे लक्षणीय होय. तथापि सरकारधार्जिणे धोरण व एकहाती वर्चस्व यांमुळे ‘कूपरशाही’ असा शब्द रूढ झाला आणि १९३० नंतर जिल्ह्यातील तरुण पिढी मोठ्या प्रमाणावर काँग्रेसकडे वळली.

१९३५ च्या कायद्यानुसार झालेल्या निवडणुकांत मुंबई प्रांतात काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. राज्यपालांनी आपले विशेषाधिकार मंत्र्यांच्या दैनंदिन कारभारात वापरू नयेत, असे आश्वासन न मिळाल्याने काँग्रेसने अधिकारग्रहण नाकारले. तेव्हा राज्यपाल लॉर्ड ब्रेबोर्न यांच्या निमंत्रणावरून कूपर यांनी १ एप्रिल १९३७ रोजी मंत्रिमंडळ बनविले. प्रांताच्या मुख्यमंत्र्यास त्या वेळी पंतप्रधान म्हणत. जमनादास मेहता, सर सिद्दप्पा कांबळी व हुसेनअली रहिमतुला हे त्यांचे सहकारी होते. विधानसभेत बहुमत नसल्याने हे मंत्रिमंडळ सभागृहाला सामोरे जाण्याच्या स्थितीत नव्हते. जुलैमध्ये काँग्रेसने अधिकारग्रहणाचा निर्णय घेतल्यावर ते पायउतार झाले व १९ जुलै १९३७ रोजी बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले.

कारखाना व स्थानिक सत्ता यांची सांगड महाराष्ट्रात कूपर यांच्यानंतरही टिकली. पण तिचा पाया बदलला. अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने उभारलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. तेथे ऊस पिकविणारा शेतकरीच कारखान्याचा भागधारक होता. सातारा रोडच्या कारखान्यात शेतकरी हा केवळ गिऱ्हाईक होता. भाऊरावांनी केलेली अपेक्षा मालकाच्या मर्जीवर राहिली. पुढील काळात सहकारी कारखान्यांनी काढलेल्या शाळा-महाविद्यालयांच्या रूपाने तीच कल्पना निराळ्या मार्गाने मूर्त झाली. यंत्रनिर्मितीचा साताऱ्यातील एक आद्य प्रवर्तक म्हणून कूपर यांचे स्थान मात्र निर्विवाद आहे.