महाधिवक्ता: सल्ला त्यांचा, मर्जी सरकारची

पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात ‘सरकारी वकील’ म्हटले की फौजदारी खटला चालवणारे वकील डोळ्यांपुढे येतात. महापालिकेचा तर स्वतःचा विधी विभाग आहे, मुख्य विधी अधिकारी आहेत. महाधिवक्ता या सगळ्यांहून निराळे. ते राज्य सरकारचे सर्वोच्च कायदेशीर सल्लागार आणि त्यांचे काम मुख्यतः मुंबईच्या उच्च न्यायालयात. पुण्याला खंडपीठ नाहीच. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, त्यातही पुणे जिल्हा नाही.

मंत्रालयातल्या एखाद्या खात्यापुढे कायद्याचा पेच उभा राहिला की फाइल विधी व न्याय विभागाकडे जाते. प्रश्न गुंतागुंतीचा असेल तर महाधिवक्त्यांचा अभिप्राय मागवतात. तो सरकारवर बंधनकारक नसतो. पण डावलून घेतलेला निर्णय न्यायालयात गेला, तर त्याचे समर्थन करायला पुष्कळदा त्यांनाच उभे राहावे लागते! विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत त्यांना बोलता येते. मत मात्र देता येत नाही.

पद जुने आहे. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा सरकारतर्फे मुंबईचे महाधिवक्ता लँग उभे होते. आज नेमणूक घटनेच्या कलम 165 खाली राज्यपाल करतात. पात्रता उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची. मुदत मात्र ठरलेली नाही. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पद, आणि ही मर्जी व्यवहारात मंत्रिमंडळाची. खरी गोम इथेच आहे. होमी सीरवाई 1957 ते 1974 अशी सतरा वर्षे या पदावर राहिले. श्रीहरी अणे यांनी मराठवाडा वेगळा करण्याविषयी वक्तव्य केले, विधिमंडळात गदारोळ झाला आणि मार्च 2016 मध्ये, वर्षही पुरे होण्याआधी, त्यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारला नको असलेले ऐकवणे ज्याचे कामच आहे, त्याला निश्चित मुदतीचे संरक्षण हवे, असे मला वाटते.

सामान्य माणसाचा त्यांच्याशी थेट संबंध येतो तो अवमानाच्या प्रकरणात. कोणाच्या लिहिण्या-बोलण्याने उच्च न्यायालयाची बदनामी झाली असे वाटून तुम्हाला फौजदारी अवमानाचा अर्ज करायचा असेल, तर 1971 च्या कायद्यानुसार आधी महाधिवक्त्यांची लेखी संमती घ्यावी लागते. मात्र न्यायालयाने तुमच्या बाजूने दिलेला आदेश महापालिकेने किंवा सरकारी खात्याने पाळला नाही, तर तो दिवाणी अवमान. त्यासाठी अशी संमती लागत नाही. थेट न्यायालयात जाता येते.