आपली आपण जुळणारी लस

हिवतापानें जगांत दरवर्षीं सुमारें ६ लाख माणसें दगावतात आणि त्यांत बहुतांशीं आफ्रिकेंतील पांच वर्षांखालील मुलें असतात. त्या मुलांसाठीं आर-२१ नांवाची लस पुण्याजवळ हडपसर येथील सीरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार होते. तिची मूळ आखणी ऑक्सफर्ड विद्यापीठांतील. या लशींत जे गोल कण तरंगत असतात ते इतके सूक्ष्म कीं, केसाच्या जाडीवर तीन-चार हजार एका ओळींत मावतील. एवढ्या बारीक वस्तूला चिमटा लावणार तरी कोण? ते कण आपले आपणच जुळतात.

ही युक्ति मूळची निसर्गाची. ब प्रकारच्या काविळीच्या रोग्याच्या रक्तांत त्या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे गोळे फिरत असतात. आंत जननद्रव्य नसल्यामुळें ते रोग पसरवूं शकत नाहींत. हिवतापाचा जंतु डांसाच्या चाव्यांतून शरीरांत शिरतो, तेव्हां त्याच्या अंगावर जें प्रथिन असतें, त्याचा एक तुकडा शास्त्रज्ञांनीं या काविळीच्या प्रथिनास जोडला. हें जोडप्रथिन यीस्टच्या पेशी तयार करतात. काविळीचें प्रथिन स्वभावानुसार गोळा बांधतें व हिवतापाचा तुकडा बाहेरच्या अंगास राहतो. सुट्या तुकड्याची शरीर फारशी दखल घेत नाहीं. तेच तुकडे दाटीनें मांडले कीं त्यास साक्षात् विषाणूच भासतो.

असें जुळणें केवळ प्रथिनांनाच साधतें असें नाहीं. अमेरिकेंतील नेड सीमन यांनीं १९८२ मध्यें डीएनएचा विचार मांडला. या दुपेडी दोरास चार फांद्या फुटतील अशी त्याच्या घटकांची योजना करावी, फांद्यांचीं टोकें परस्परांशीं जुळतीं ठेवावीं, म्हणजे चौकटी आपोआप उभ्या राहतील. १९९१ मध्यें डीएनएचा घन करूनहि दाखविण्यांत आला.

पूर्वींच्या आरटीएस-एस लशींतहि असाच कण आहे. परंतु त्यांत हिवतापाचा तुकडा नसलेलें प्रथिनच अधिक. आर-२१ मध्यें प्रत्येक रेणूवर तो तुकडा आहे, आणि खरी सुधारणा ती हीच. बुर्किना फासो, केनया, माली व टांझानिया येथील सुमारें ४,८०० मुलांवर चाचणी झाली. जेथें हिवताप ठराविक ऋतूंत येतो, तेथें पहिल्या वर्षांत रोगाचें प्रमाण सुमारें ७५ टक्क्यांनीं घटलें. ऑक्टोबर २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें लशीची शिफारस केली. संरक्षण मात्र कालांतरानें उतरतें. म्हणून तिसऱ्या मात्रेनंतर वर्षभरानें चौथी द्यावी लागते.