पाळी जाताना रक्ताचे काय होते?

सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. भारतात ही वेळ सरासरी 46-47व्या वर्षी येते. पाश्चात्त्य देशांत 51च्या आसपास. अंडाशयातले इस्ट्रोजेन आटते, तसे रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन आणि ‘सातवा घटक’ थोडे वाढतात, गुठळी विरघळवण्याची क्षमता थोडी मंदावते. फरक लहानच. नुसती पाळी गेली म्हणून पायात गुठळी होत नाही. वय, वजन, शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळणे आणि पोटात घेतलेली संप्रेरके यांचा वाटा त्याहून मोठा.

संप्रेरकांचा धोका 2002 मध्ये ठळकपणे दिसला. पाळी गेल्यावर संप्रेरकांच्या गोळ्या देण्याची, अमेरिकेत 16,608 महिलांवर चाललेली चाचणी मध्येच थांबवावी लागली. गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसात गुठळी अडकण्याचे प्रमाण दुप्पट निघाले: दर 10,000 महिलांमागे वर्षाला सुमारे 8 जास्त. पोटात घेतलेले इस्ट्रोजेन आधी यकृतात जाते, आणि गोठण्याची बहुतेक प्रथिने तिथेच बनतात. त्वचेवरची पट्टी किंवा जेल ही वाट टाळते. नंतरच्या निरीक्षणांत त्यांनी धोका वाढल्याचे दिसले नाही.

जळगाव-धुळ्यात असे उपचार घेणाऱ्या बायका थोड्या. संप्रेरकाची दुसरीच गोळी इथे जास्त ओळखीची आहे, पाळी पुढे ढकलण्याची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, तिच्या रोटांच्या नैवेद्यासाठी सगळे भाऊबंद जमतात. सोवळ्याचा भार बहुधा चाळिशी ओलांडलेल्या सुनेवर असतो, आणि तिच्या पाळीचा भरवसा नेमका याच वयात सुटलेला असतो. मग मेडिकलवरून नोरएथिस्टेरॉन येते. मोठ्या मात्रेत त्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो. पूर्वी गुठळी झालेली, खूप वजन असलेली किंवा नुकती शस्त्रक्रिया झालेली बाई ही गोळी डॉक्टरांना न विचारता घेते, तेव्हा ती जोखीमच असते. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल समाजांत सिकलसेल बऱ्याच प्रमाणात आढळतो, आणि तो आजार स्वतःच गुठळीचा धोका वाढवतो. तिथे गोळी घेण्याआधी सिकलसेल आहे का, हे विचारायला हवे.

गुठळी बहुधा एकाच पायात होते: पोटरी सुजते, दुखते, गरम लागते. दिवसभराच्या कामाने दोन्ही पाय सुजणे वेगळे. अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर गुठळी फुफ्फुसात पोचल्याची शंका घ्यावी; अशा वेळी पाय चोळत बसू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. पायाची गुठळी डॉप्लर सोनोग्राफीत दिसते, फुफ्फुसातली सीटी स्कॅनमध्ये.

रक्त पातळ करणारी औषधे साधारण तीन महिने तरी चालतात. पाळी अजून येत असेल, तर या काळात रक्तस्राव वाढू शकतो, पंडुरोग बळावतो. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसले, तर मात्र सगळा दोष औषधाला देऊन भागत नाही. गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी करावी लागते.