व्हर्च्युअल राउटर रिडन्डन्सी प्रोटोकॉल

व्हर्च्युअल राउटर रिडन्डन्सी प्रोटोकॉल (संक्षेप: व्हीआरआरपी) हा संगणक जाळ्यातील एक राउटर बंद पडल्यास त्याचे काम दुसऱ्या राउटरकडे आपोआप सोपवणारा नियमसंच आहे.

पार्श्वभूमी

स्थानिक जाळ्यातील संगणकावर सहसा बाहेर नेणाऱ्या एकाच राउटरचा, म्हणजे 'डिफॉल्ट गेटवे'चा, आयपी पत्ता नोंदवलेला असतो. तो राउटर बंद पडला की संगणक आणि तारा सुस्थितीत असूनही सर्वांचा बाह्य संपर्क तुटतो. शेजारी दुसरा राउटर चालू असला तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण संगणकांना त्याचा पत्ताच ठाऊक नसतो.

कार्यपद्धती

व्हीआरआरपीमध्ये दोन किंवा अधिक राउटर मिळून एक आभासी राउटर तयार होतो. त्याला स्वतःचा आयपी पत्ता आणि मॅक पत्ता असतो. संगणकांवर गेटवे म्हणून हाच आयपी पत्ता नोंदवतात. गटातील एकच राउटर सक्रिय असतो व बाकीचे राखीव राहतात. सक्रिय राउटर २२४.०.०.१८ या बहुप्रेषण पत्त्यावर साधारणतः दर सेकंदाला आपण चालू असल्याचा संदेश पाठवतो.

प्रत्येक राउटरला १ ते २५५ यांमधील प्राधान्यांक असतो. आभासी पत्ता मुळात ज्याचा स्वतःचा आहे त्याला २५५, इतरांना काही न ठरवल्यास १००. संदेश थांबल्यावर राखीव राउटर तीन संदेशांच्या कालावधीइतकी वाट पाहतो आणि त्यात (२५६ − प्राधान्यांक) ÷ २५६ सेकंद मिळवतो. प्राधान्यांक १०० असल्यास हा काळ सुमारे ३.६ सेकंद भरतो. जास्त प्राधान्यांकाच्या राउटरची प्रतीक्षा आधी संपते, त्यामुळे वेगळी निवडणूक घ्यावी लागत नाही. राउटर मुद्दाम बंद करताना तो प्राधान्यांक ० असलेला संदेश पाठवतो. मग ही प्रतीक्षा एका सेकंदाच्या आत आटोपते.

सूत्रे हाती घेणारा राउटर आभासी मॅक पत्ता जाहीर करतो. स्विचला तो पत्ता आता कोणत्या पोर्टवर आहे हे कळते. संगणकांवरील नोंदी मात्र जशाच्या तशा राहतात.

मर्यादा

राउटर जिवंत आहे एवढेच हे संदेश सांगतात. इंटरनेटकडे जाणारी त्याची तार तुटली तरी संदेश चालूच राहतात आणि पॅकेट वाया जातात. म्हणून अनेक उत्पादक बाहेरील जोडणीवर लक्ष ठेवून प्राधान्यांक आपोआप कमी करण्याची सोय देतात. दोन्ही राउटर एकाच यूपीएसवर किंवा एकाच सेवापुरवठादाराच्या तारेवर असतील, तर दुसऱ्या राउटरवरचा खर्च बराचसा व्यर्थ ठरतो. राउटरांमधला संपर्कच तुटल्यास दोघेही स्वतःला सक्रिय समजतात.

इतिहास

सिस्को कंपनीच्या एचएसआरपीचे वर्णन आरएफसी २२८१ मध्ये मार्च १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात आरएफसी २३३८ द्वारे व्हीआरआरपी आले. आयपीव्ही६ सामावून घेणारी तिसरी आवृत्ती २०१० ची आहे. व्हीआरआरपीवरील सिस्कोच्या पेटंट दाव्यामुळे ओपनबीएसडीच्या विकसकांनी कार्प हा पर्याय घडवला. तोही ११२ हाच प्रोटोकॉल क्रमांक वापरतो. त्यामुळे एकाच जाळ्यात दोन्ही वापरताना गटक्रमांक वेगळे ठेवावे लागतात.